हरकत कुणाची?

आमच्या खात्यात नियम करायची रीत सोपी होती. मसुदा काढायचा, हरकती मागवायच्या आणि मुदत संपली की शेरा मारायचा: हरकती निरंक. एकही हरकत आली नाही, असा त्याचा अर्थ. हा शब्द आम्हा सगळ्यांचा लाडका, कारण त्यापुढं काही काम उरत नसे. आता मसुदे संकेतस्थळावर चढतात, हरकती ईमेलनं मागवतात, पण निरंकचं राज्य काही खालसा झालेलं नाही.

माझ्या वरिष्ठ मॅडमना मात्र त्या शब्दाचा भयंकर राग. नियम बनवताना कुठं चुकतं ते शोधून रीत सुधारायचं काम त्यांच्याकडं आलं होतं, आणि मी त्यांच्या हाताखाली. "आमच्या घरात भाजी कुठली करायची यावर रोज वाद होतो आणि अख्ख्या जिल्ह्यात एकालाही हरकत नाही?" असं म्हणून त्या फाईल परत माझ्याकडं सरकवायच्या. मी मनातल्या मनात चरफडायचो.

तेव्हा मासेमारीचा मसुदा आला होता. परवाना ज्याच्या नावावर, त्यानंच होडी चालवायची. हेतू चांगला होता. बाहेरचे व्यापारी गरिबांचे परवाने वापरून मासे नेत होते. सुनावणी शहरात, सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या कार्यालयात ठेवली, तर चिटपाखरू फिरकलं नाही. मॅडम म्हणाल्या, "ते येत नाहीत ना? मग आपण जाऊ." निघालो उजनी धरणाच्या काठी, मच्छीमारांच्या एका गावी.

तिथं आधी जेवण. चिलापी माशाचं झणझणीत कालवण, ज्वारीची भाकरी आणि वर, "घ्या की अजून, लाजताय व्हय?" हात धुतल्यावर मॅडमनी मसुदा वाचून दाखवला आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

"न्हाय, न्हाय. लई बेस हाय की!" सगळे एका सुरात.

मला हायसं वाटलं. मॅडम हळूच मला म्हणाल्या, "आत्ताच जेवू घातलंय त्यांनी. पाहुण्याला तोंडावर कसं नाही म्हणतील? आपलं विचारणंच चुकलं." मग मसुदा पिशवीत घालून त्यांनी पुन्हा विचारलं, "हा नियम लागला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय कराल?"

भाकऱ्या थापणारी बाई चुलीपासून उठली. "मी घरी बसनार. परवाना आमच्या ह्यांच्या नावावर हाय. त्यांचं अर्धं अंग गेलंय, उठवत न्हाय. होडी मीच नेती. नियम आला की मी चोरच की!"

मग काय, एकेकाला कंठ फुटला. परतायला संध्याकाळ झाली.

'किंवा त्याच्या घरातील नोंद केलेली व्यक्ती', एवढे शब्द घालून घ्यायला मॅडमनी वर किती खेटे घातले! वरचे म्हणायचे, पळवाट होईल. मॅडम हटल्या नाहीत. आता त्या निवृत्त आहेत, त्यांच्या खुर्चीत मी बसतो, आणि मसुदा हातात आला की त्यांची फार आठवण येते.

नियम निघाल्यावर तो सांगायला आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. ती बाई होडीतच होती. मॅडमनी काठावरून ओरडून सांगितलं. तिनं वल्हं थांबवलं.

"म्हंजे आता पोलीस दिसला तर लपायचं न्हाय न्हवं?"

"नाही. अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या.