ओटिस प्रुइटचे अनुमोदन

मंगळवार, ११ मार्च २०१४. सकाळी धुके, मग ऊन. पाइनचे पराग यंदा लवकर. गाडी पिवळी झाली. दंतवैद्याची वेळ पुढे ढकलली. संध्याकाळी हॉलब्रुक सेंटरच्या व्यापारी मंडळाची सभा. ठराव मंजूर. अनुमोदन ओटिसचे.

सभेबद्दल त्या दिवशी वहीत इतकेच लिहिले. पण हे शेवटचे वाक्य ओटिस प्रुइटवर थोडा अन्याय करणारे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ओटिसचे डायनर, म्हणजे साधी खाणावळ, आमच्या मुख्य रस्त्याच्या गरीब बाजूला आहे. श्रीमंत बाजूला काचेचे तीन मनोरे. त्यांतल्या हजारो माणसांना रोज दुपारी भूक लागते आणि खिडकीतून ओटिसची पाटी दिसते. मध्ये सहा पदरी रस्ता. जिवावर उदार झाल्याशिवाय तो पायी ओलांडता येत नाही. म्हणून शहाणी माणसे तळघरातून गाडी काढतात, पुलाखालून वळसा घालतात, दोन सिग्नलवर थांबतात आणि समोरच्या दारात पोहोचतात, तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आलेली असते. बाकीचे टेबलाशी बसून दही खातात.

ओटिसला या रस्त्यावर पांढरे पट्टे आणि पायी चालणाऱ्यांसाठी एक सिग्नल हवा होता. एवढेच. या वसंतात ते झाले नाहीत, तर दुपारचे जेवण बंद करावे लागेल आणि व्हर्नाला अर्ध्या दिवसावर आणावे लागेल, हे त्याने मला जानेवारीतच सांगितले होते. व्हर्ना त्याच्याकडे डायनर उघडल्यापासून आहे. वाढते, हिशेब करते आणि त्याला ताळ्यावर ठेवते.

आमच्या भागात पट्टे मारणे अवघड आणि भविष्य रंगवणे सोपे. इथले जमीनमालक स्वतःवर जादा कर लावून घेतात आणि त्यातून मंडळ दर काही वर्षांनी पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा बनवते: कुठे इमारती, कुठे झाडे, कुठे ट्राम. पहिल्या आराखड्यात ट्राम होती. दुसऱ्यात कारंजे होते आणि फुगे घेतलेली मुले होती. प्रत्येक चित्रात माणसे रस्त्याच्या मधोमध निवांत फिरत असतात. चित्रकाराला आमच्या इथे कुणी गाडीने आणले असणार.

यंदा विभागीय कार्यालयाने तिसऱ्या आराखड्याचा बहुतेक खर्च उचलायची तयारी दाखवली. अट एकच: उरलेला हिस्सा मंडळाने घालावा. मंडळाकडे शिल्लक पैसे एकाच कामासाठी ठेवलेले होते. ते काम म्हणजे ओटिसचे पट्टे. त्यांना राज्याच्या रस्ते खात्याची परवानगी नऊ वर्षांनी नुकतीच मिळाली होती. मंडळाची संचालिका लिंडी व्हान्स हिने फार गोड आवाजात समजावले की क्रॉसिंग रद्द होत नाही, उलट नव्या आराखड्यात त्याला पहिला मान मिळेल. म्हणजे रस्ता ओलांडण्याचे पैसे, रस्ता कसा ओलांडावा याच्या अभ्यासाला.

ओटिस छोट्या मालकांचा प्रतिनिधी म्हणून मंडळावर होता. सकाळी त्याने काउंटरमागे उभे राहून नकार पाठ केला होता. व्हर्नाने तो दोनदा म्हणवून घेतला.

सभेत बँकेच्या माणसाने ठराव मांडला. अध्यक्षांनी विचारले, अनुमोदन कोण देते? कुणीच नाही. हॉटेलवाला फोनमध्ये बघत होता. विमावाल्याला छताचे कौतुक वाटू लागले. अनुमोदन नसते मिळाले, तर ठराव तिथेच मेला असता. ओटिसने तोंडही उघडायची गरज नव्हती.

अध्यक्षांनी पुन्हा विचारले. लिंडी नकाशाशेजारी उभी, गळ्यापर्यंत लाल. आणि ओटिस मेथडिस्ट चर्चच्या स्वयंपाकघर समितीवर उभे आयुष्य काढलेला माणूस. तिथे कुणाचा ठराव असा लोंबकळत ठेवणे म्हणजे पाहुण्याला दारात उभे ठेवणे. त्याने घसा साफ केला.

"मी देतो," तो म्हणाला.

मग मतदान. स्वतः अनुमोदन दिलेल्या ठरावाविरुद्ध हात वर करणे त्याला दुटप्पीपणाचे वाटले. ठराव एकमताने मंजूर झाला. लिंडीने त्याचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले.

मी त्याच्याबरोबर डायनरमध्ये परतले. व्हर्ना खुर्च्या टेबलांवर चढवत होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले.

"काय केलंस?"

"अनुमोदन दिलं."

"कशाला?"

"कुणी बोलेचना गं. ती पोरगी बिचारी तशीच उभी."

"मग तिला बस म्हणायचं होतंस." व्हर्नाने खुर्ची खाली ठेवली आणि स्वतःच तिच्यावर बसली. "आणि मी? मी उभी नव्हते?"

ओटिस माझ्याकडे वळला. "मिस अ‍ॅग्नेस, तुम्ही सांगा. दुसरं काय करणार होतो मी?"

आमच्या शाळेतल्या सिस्टरांनी मला खोटे बोलू नये आणि टाकून बोलू नये, दोन्ही शिकवले. दोन्ही एकाच वेळी कसे जमवायचे, ते शिकवले नाही. मी म्हटले, तू फार सभ्य माणूस आहेस, ओटिस.

"तेच तर," व्हर्ना म्हणाली.

त्याने दारावरची वेळेची पाटी उतरवली आणि काउंटरवर उलटी ठेवली. सोमवारपासून फक्त सकाळी, अकरापर्यंत, तो म्हणाला. व्हर्नाने ऐकले आणि उठून उरलेल्या खुर्च्या वर चढवल्या. मी निघताना तिने दुपारसाठी शिजवलेले सगळे बीन्स डब्यांत भरून माझ्या हातात दिले, कारण जेवायला कुणी आलेच नव्हते.

रात्री वहीत ठरावाखाली आणखी एक ओळ घातली: बटर बीन्सचे दोन डबे मिळाले, एक फ्रीजरमध्ये, एक उद्याला.