आक्काच्या बांधावरचा नरक्या

आक्काच्या बांधावरचा नरक्या मी तोडला, हे खरं. तो मी विकला, हे खोटं. पण मुळशीतल्या आमच्या गावात आज तेच चालतं.

नरक्या हे आमच्या डोंगरातलं झाड; त्याच्या लाकडातून कॅन्सरच्या औषधाचं द्रव्य काढतात. तरुणपणी मी ते लाकूड डोंगरातल्या घरांतून उचलायचो. देणाऱ्याला म्हणायचो, "घाण वासाचं जळण. चुलीत तरी कोण घालतंय?" संध्याकाळी व्यापाऱ्यासमोर तेच लाकूड कॅन्सरवरचं अमृत व्हायचं. मारुंजीतल्या माझ्या भाड्याच्या खोल्या त्यातूनच उभ्या राहिल्या. आक्का, माझी थोरली बहीण, दोन्ही बोलणी ऐकत चहा करायची.

गेल्या वर्षी तिच्या आतड्यात कॅन्सर निघाला. पहिल्या सलाईनलाच ती कंटाळली. दवाखाना सोडला आणि बांधावरच्या नरक्याची साल उकळून प्यायला लागली. जुलाब थांबेनात, हाडं वर आली. डॉक्टरांनी मला समजावलं, की तिचं औषध याच झाडातल्या द्रव्यापासून बनतं, पण शुद्ध करून, मोजून. नुसती साल म्हणजे विष.

मी तिला तेच सांगितलं. ती हसली.

"घेताना जळण, इकताना अमृत, आन् आता इख? तुझा खरा भाव कंचा रं?"

"आक्के, मरशील!"

"मरंन की. मग झाड तुलाच मोकळं."

माझं डोकं फिरलं. तिच्यादेखत झाड पाडलं, साल सोलून जाळली. ढलपीसुद्धा तिच्या हाती लागू नये म्हणून लाकूड टेम्पोत घालून मारुंजीला आणलं.

साल संपली तशी ती तिच्या लेकाबरोबर, माझ्या भाच्याबरोबर, पुन्हा सलाईनला जाऊ लागली. माझ्याशी अबोला. मधले दिवस वाया गेले, असं डॉक्टर म्हणाले. शेवटी मी वॉर्डात भेटायला गेलो, तेव्हा तिनं डोळे उघडले.

"कितीला गेलं रं?"

सहा महिन्यांनी पहिला शब्द, तो हा. "लई मिळाले," मी चिडून ओरडलो. तिनं मान हलवली आणि भिंतीकडं कूस वळवली. खरं काय ते उद्या सांगू, म्हणून जिना उतरलो. ती पहाटेच गेली.

दहाव्याला भाचा सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, आईचं तेवढं झाड तरी सोडायचं हुतं."

लाकूड मारुंजीत माझ्या जिन्याखाली पडून आहे. गावातलं कुणी बघायला आलं नाही. भाडेकरू त्यावर चपला काढतात.