चुलत्याला दिलेला शब्द

माझे वडील इंग्रज राजाच्या पलटणीत शिपाई होते आणि त्याच वेळी माझा चुलता त्या राजाविरुद्ध भूमिगत झाला होता. एक लढाईवरून परतला, दुसरा तुरुंगातून. राज्य गेलं, पण आमच्या घरातलं भांडण काही गेलं नाही. एकाच गोठ्यात उभे राहून दोघं बैलामार्फत बोलायचे.

"बैला, त्या राजाच्या शिपायाला विचार, पाणी पाजलं का तुला."

"बैला, त्या स्वराज्यवाल्याला सांग, शिपाई आधी जनावराला पाजतो, मग भाषण करतो."

मी चुलत्याच्या बाजूचा. शाळा चार यत्ता झाली, पण त्याच्या गोष्टी सगळ्या पाठ. बर्मिंगहॅमला फाउंड्रीत कामाला निघालो तेव्हा त्यानं माझ्यापुढं बेल-भंडार ठेवला. आमच्याकडं खंडोबाचा बेल-भंडार उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत.

"पोटासाठी जा," तो म्हणाला. "पण त्यांच्या राजाचा माणूस होऊ नको. झालास तर ह्या घराचा उंबरा चढू नको."

मी उचलला. आणि शब्द पाळला. बायकोनं इथला पासपोर्ट घेतला, पोरगा तर इथंच जन्मला. विमानतळावर ती दोघं एका रांगेत, मी दुसरीत. त्यांना ताटकळत ठेवायचो आणि मान ताठ ठेवून यायचो.

मग बायकोच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पोरगा मागं लागला.

"बाबा, रूल्स रोज चेंज होतात. उद्या तुम्हाला परत पाठवलं तर आईकडे कोण बघणार?"

"ह्यांच्या भट्टीपुढं उभा जन्म गेला माझा. मला कोण पाठवतो?"

"भट्टी नाही बघत ते, बाबा. पेपर्स बघतात."

शेवटी मी नागरिकत्वाच्या अर्जावर सही केली. वयामुळं परीक्षा माफ झाली. राहिली फक्त शपथ, ती कौन्सिलच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर घ्यायची. गाडीत पोरगा म्हणाला, "जस्ट ओठ हलवा. कोण ऐकतंय?"

"शपथ आहे ती. खोटीच घ्यायची तर घ्यायची कशाला?"

"मग नका घेऊ. आईला तुम्हीच सांगा."

मी कोटाची बटणं लावली आणि गाडीतून उतरलो.

हॉलमध्ये राजाचा फोटो होता, झेंडा होता. माणसं लग्नाला यावीत तशी नटून आलेली. कौन्सिलच्या बाई शपथेचा एकेक तुकडा सांगायच्या, आम्ही मागून म्हणायचं. राजाशी इमान राखीन. नुसता राजाच नाही, त्याचे वारससुद्धा. वडिलांनी अशीच शपथ घेतली असणार, पण त्यांच्या हातात निदान बंदूक तरी दिली होती. दाराकडं बघितलं, तर तिथं पोरगा मोबाइल धरून उभा. बाहेर पडायचं तर त्याच्या अंगावरूनच जायला लागलं असतं. मी शब्दन् शब्द म्हटला, शेजारची बाई वळून बघेल इतक्या मोठ्यानं.

तिथून सरळ हॉस्पिटलात गेलो. बायको मशीनला जोडलेली, हात हलवायची मुभा नाही.

"म्हटलीत?"

"म्हटली."

"नुसते ओठ हलवले असतील तुम्ही."

"मला नाही येत तसलं."

"मग गावी?"

"आता तो उंबरा नाही चढायचा."

"अहो, काका कधीच गेले. तिथं विचारायला कोण बसलंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं. मशीन थांबायला अजून अवकाश होता. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि कोट काढून ठेवला.