मराठी कुणाला कळतंय

लॉकडाऊनमध्ये, इकडे परदेशात, ट्रुगानिना उपनगरातल्या फार्मसीत मी दिवसभर मास्कमधून ओरडत असे. दीड मीटरवरच्या माणसाला धड ऐकू येत नसे. डोकं फिरायचं.

एका सकाळी ताई आल्या. रविवारी झूमवर आमच्या मराठी ग्रुपची बुद्धवंदना त्याच घेत, आणि कुणाकडे भांडण झालं की समजूत घालायलाही त्याच. त्यांचं नाव टाकलं तर स्क्रीनवर लाल सूचना: झोपेच्या गोळ्या, तीन वेगवेगळे डॉक्टर, कित्येक महिने. ही नोंद डॉक्टर-फार्मसिस्टलाच दिसते, इतर कुणाला नाही.

अशा वेळी पेशंटला आतल्या खोलीत न्यायचं. खोली कोविडमुळे बंद होती. मी म्हटलं, मराठीत विचारू, इथे कुणाला कळतंय? आणि विचारलं, नेहमीच्याच आवाजात. "ताई, झोपेच्या गोळ्या तीन-तीन डॉक्टरांकडून कशाला घेताय?"

"हळू बोल गं," त्या म्हणाल्या.

मागे रांगेत टोपी-मास्कवाला एक जण होता. तो म्हणाला, "जय भीम, ताई." आमच्याच ग्रुपमधला. ताईंनी प्रिस्क्रिप्शन उचललं आणि गोळ्या न घेताच गेल्या.

संध्याकाळपर्यंत मला चार फोन. ताईंना काय झालंय गं? रविवारची वंदना दुसऱ्याने घेतली. ताई फोन उचलेनात. जीव टांगणीला लागला, कारण या गोळ्या एकदम थांबवल्या तर फिटही येऊ शकते. दुसरीकडून घेतल्या असतील का? एका क्लिकवर कळलं असतं. पण पेशंट समोर नसताना नाव शोधायचं नसतं. दिवसभर त्या स्क्रीनभोवती घुटमळले, घरी मुलीवर उगाच खेकसले. ती म्हणाली, "चिल, मम."

शेवटी सोमवारी दुपारी त्यांच्या दारात गेले. जाळीच्या दारामागूनच त्या बोलल्या.

"कुणाशी ओळख वाढू नये म्हणून दर वेळी नवा डॉक्टर बघायचे. फार्मसीही लांबची. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा नियम आला, म्हणून तुझ्याकडे आले. म्हटलं, ही आपली आहे, सांभाळून घेईल."

माझी मलाच लाज वाटली. "गोळ्या आहेत का शिल्लक?" मी विचारलं. या वेळी अगदी हळू.

"परवाच संपल्या. हात थरथरतात."

"प्रिस्क्रिप्शन दिलेल्या डॉक्टरला आत्ता फोन लावू?"

त्यांनी आधी कुंपणापलीकडे पाहिलं.

"लाव," त्या म्हणाल्या. "पण इंग्लिशमध्ये बोल. शेजारचे मराठी आहेत."