किल्लीवाल्या काकांची शिकवणी

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर किल्लीवाले काका राहायचे आणि बरोबर त्यांच्या खाली, पहिल्या मजल्यावर, मी आणि माझं शिलाई मशीन. बाजारात एका जिन्याखालच्या कोनाड्यात त्यांचं टेबल होतं. त्यावर किल्ली घट्ट धरायचा एक छोटा शिकंजा, पाच-सहा कानशी आणि तारेत ओवलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. पंचेचाळीस वर्षं त्यांनी हेच एक काम केलं. किल्ली हरवलेला माणूस रडकुंडीला येऊन उभा राहिला की काका आधी त्याला यथेच्छ झापायचे आणि मग कामाला लागायचे. अठ्ठ्याहत्तरी गाठली तरी हात थरथरत नव्हता. स्वभाव मात्र कमालीचा संशयी. खाली जिन्याशी उभ्या असलेल्या त्यांच्या खटारा सायकलला तीन कुलपं असायची.

"काका, त्या कुलपांची किंमत सायकलीपेक्षा जास्त आहे," मी म्हणायची.

"टेलरबाई, चोर सायकल बघत नाही, कुलूप बघतो," ते म्हणायचे. हसायचे मात्र नाहीत.

काकू त्यांच्या अगदी उलट. दारात कुणीही येवो, आधी बसायला खुर्ची आणि मग चहा. गेल्या तीन वर्षांत ती विसरायला लागली. आधी गॅस बंद करायचं विसरली, मग वार विसरली, मग कधीकधी मलाही. काका सकाळी तिचं खाणंपिणं करून साडेनऊला खाली उतरायचे आणि दोनच्या ठोक्याला परत यायचे. त्यांची लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. घरात तिसरं माणूस नाही.

अशाच एका सकाळी, भर उजेडात, दोघे जण पाण्याचे पाइप तपासायला आलो म्हणून वर गेले. काकूने त्यांना चहा दिला. तिच्या हातातल्या बांगड्या निघेनात, तेव्हा तिनेच आतून साबण आणून दिला. दुपारी काका आले तर म्हणाली, "चांगली पोरं होती हो, माझे हात धुऊन दिले."

दिव्याखाली अंधार, असं बाजारात लोक तोंडावर म्हणाले. काका तीन दिवस मान खाली घालून किल्ल्या घासत राहिले. चौथ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यांनी स्वतःचं दार पाडलं आणि नव्याने बसवलं. आतून लोखंडी पत्रा, मध्ये साखळी आणि वर-खाली दोन कड्या, ज्या बाहेरून फक्त त्यांच्या खिशातल्या किल्लीने उघडायच्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला समजत होतं. पण पुढे जे सुरू झालं ते मला तेव्हाही पटलं नव्हतं.

ते काकूची शिकवणी घ्यायला लागले. कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही. घरात एकटी आहे हेही सांगायचं नाही. बंद दाराआडून मोठ्याने एवढंच म्हणायचं, "ते आंघोळीला गेलेत. नंतर या."

रोज दुपारी जेवण झालं की काका बाहेर उभे राहून दार ठोठावायचे आणि आवाज बदलून कधी दूधवाला व्हायचे, कधी पोलीस, कधी मीटरवाला. पहिला आठवडा पालथ्या घड्यावर पाणी. ते पोलिसाचा दरडावता आवाज काढायचे आणि काकू आतून म्हणायची, "अहो, तुम्हीच की! आंघोळीला कोण गेलंय?" आणि दार उघडून मोकळी. मी खाली शिवण बाजूला ठेवून पोट धरून हसायची.

मग त्यांनी मला कामाला लावलं.

"निदान ओळखीच्या माणसाला तरी उघडू द्या," मी म्हटलं.

"तिला ओळख राहिलीय का? उद्या कुणीही येऊन म्हणेल, मी टेलरबाई."

"आणि तुम्हालाच घरात काही झालं तर?"

"मला काय धाड भरलीय?" ते म्हणाले आणि विषय संपला.

मीही त्यांचं काम पत्करलं. काका दुकानात गेले की एक-दोन दिवसांआड मी वर जाऊन दार वाजवायची, परीक्षा म्हणून. उत्तर बरोबर आलं की बाहेरूनच "शाबास काकू!" म्हणायची, आणि आत ती खुदकन हसायची. तिला दुसरं काही लक्षात राहत नव्हतं, पण महिनाभरात हे वाक्य पक्कं बसलं. खरं सांगते, मला त्या खेळात मजा यायला लागली होती.

त्या मंगळवारी माझ्यामागे पडद्यांची घाई होती. सकाळपासून मशीन चालू, त्यामुळे जिन्यावरची पावलं वाजली की नाही कळलं नाही. साडेदहाला काकूच्या उशांचे अभ्रे घेऊन वर गेले आणि दार वाजवलं.

"ते आंघोळीला गेलेत. नंतर या." एकदम खणखणीत. कुठे अडखळणं नाही.

या वाक्याचा अर्थ मला पाठ होता. काका बाहेर गेलेत आणि काकू ठीक आहे.

"शाबास काकू! पहिला नंबर!" मी ओरडले. ती हसली. मी पिशवी बाहेरच्या मुठीला अडकवली आणि खाली आले. संध्याकाळी काकांना सांगायचं, तुमची विद्यार्थिनी पास झाली, असंही मनात ठरवून टाकलं.

साडेबाराला दोऱ्याचं रीळ आणायला खाली उतरले तर जिन्याशी सायकल उभी. तिन्ही कुलपं जागच्या जागी. काका बाजारात कधीच सायकलीशिवाय जात नसत.

धावत वर गेले. "काकू, दार उघडा. काका कुठे आहेत?"

"ते आंघोळीला गेलेत."

"काकू, हे खरंखरं विचारतेय मी! परीक्षा नाही!"

"नंतर या."

मी दार बडवायला लागले, ओरडायला लागले. काकू घाबरली आणि तिने साखळीही लावून घेतली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

बाजारातून काकांच्या हाताखाली शिकून तयार झालेल्या कारागिराला बोलावलं. त्याला ते दार उघडायला पाऊण तास लागला. काम करताना तो काकांनाच शिव्या देत होता, कशाला एवढं पक्कं केलंत, कशाला, आणि मधूनच बाहीने डोळे पुसत होता.

काका स्वयंपाकघरात खिडकीखाली पडले होते. आठ वाजता उजेडात बसून दाढी करायची त्यांची सवय. एका गालावर फेस वाळून गेला होता. काकूने डोक्याखाली उशी दिली होती, अंगावर चादर घातली होती आणि शेजारी चहाचा कप ठेवला होता. तिच्या परीने तिने सगळं केलं होतं. काकांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि डोळे उघडे होते. मी वाकले तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. बोलता येत नव्हतं, पण समजत सगळं होतं. माझ्या मनाची समजूत घालायला मी हे नाकारून बघितलंय, जमलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधी पडले? मी सांगितलं, आठच्या सुमारास. ते म्हणाले, "दोन-तीन तास आधी आणलं असतं तर बरंच काही करता आलं असतं." एवढंच बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. चौथ्या दिवशी काका गेले.

मला त्यांचा राग येतो, हे कबूल करते. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण मी त्यांना विचारलं होतं, आणि त्यांनी मला उडवून लावलं होतं. मग रात्री मशीन झाकताना वाटतं, पत्रा आणि कड्या त्यांच्या, पण त्या दारासमोर उभी होते ती मी.

लेक आईला आपल्याकडे न्यायला आली. सामान बांधून झाल्यावर निघताना ती माझ्याकडे खाली आली. मशीनसमोरच्या स्टुलावर बसली आणि खाली पडलेल्या चिंध्या एकेक करून गोळा करत राहिली.

"मावशी, तुमच्यामुळे निदान बाबांना दवाखाना तरी दिसला," ती शेवटी म्हणाली. "मला एकच गोष्ट खाते. आई काय, तिला काही कळलंच नसणार. ते एवढे तास तसे पडून होते, आणि कुणीच आलं नाही. बाहेर कुणाची चाहूल लागली असती तर त्यांना जरा धीर आला असता ना?"

त्यांच्या स्वयंपाकघरापासून दार सात पावलांवर आहे. मी मोजलीत.

"हो गं," मी म्हटलं. "पण त्या सकाळी वर कुणी गेलंच नाही."