वसतिगृहाखालचे मोकळे खांब

"साहेब, पोरींना वर जाऊ देऊ का?" रेक्टर कांबळेबाईंनी विचारलं.

सगळ्या मुली पटांगणात उभ्या होत्या. सकाळी जमीन हादरली तशा त्या जिना उतरून पळाल्या होत्या. मी तेव्हा बांधकाम खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होतो. निरोप मिळताच कळंबहून जीपनं येरमाळ्याजवळच्या त्या गावी आलो होतो.

इमारत एका सहकारी संस्थेची. वरच्या दोन मजल्यांवर विटांच्या भिंतींच्या खोल्या, त्यात मुलींचं वसतिगृह. तळमजल्यावर मात्र नुसते खांब. संस्थेचे ट्रक आत उभे राहावेत म्हणून भिंती घातल्याच नव्हत्या. अशा इमारतीला धक्का बसला की वरचा भाग पेटीसारखा एकसंध हलतो आणि सगळा ताण खालच्या खांबांवर येतो. इथं दोन खांबांच्या डोक्याशी, बीमच्या खाली, तिरक्या भेगा पडल्या होत्या.

संस्थेचे चेअरमन आप्पा आले. "प्लास्टर तडकलंय नुसतं. गिलावा मारून टाकू."

"आप्पा, आत काय झालंय ते बघितल्याशिवाय कुणी वर जायचं नाही."

"अन् पोरी कुठं ठिवू? दुष्काळानं आईबाप ऊस तोडाय गेलेत. घरांना कुलपं हायत."

ते खरंच होतं. पुन्हा धक्का बसेल का, हे मला सांगता येत नव्हतं. नाही बसला तर मुलींना उगाच बाहेर काढल्याचं खापर माझ्यावर. बसला तर काय, तो विचार पुढं नेववेना.

शेवटी बाईच म्हणाल्या, "खताचं गोदाम मोकळंच हाय की. पत्र्याचं हाय, पर एकमजली हाय."

"लई वास येतो तिथं," आप्पा म्हणाले.

"येऊ द्या. वासानं कुणी मरत न्हाय."

मुली सामानासाठी वर जायला निघाल्या, तर बाईंनी त्यांनाही अडवलं. दप्तरं वरच राहिली.

बीमला बल्ल्यांचे टेकू लावून मिस्त्रीनं गिलावा फोडला. उभ्या सळया बांधून धरणाऱ्या रिंगा हातभर अंतरावर होत्या. त्या जवळजवळ असल्या तरच खांब धक्क्यात फुटत नाही. आप्पांनी भेगेत बोट घातलं. खडी गळून त्यांच्या पायावर पडली. ते मागं सरकले.

"ट्रक भायेर काढा," एवढंच ते ड्रायव्हरला म्हणाले.

पुढं खांब जाड केले, चारही बाजूंना सारख्या भिंती घातल्या. तोवर मुली गोदामातच राहिल्या. दुसरा धक्का काही आला नाही. आप्पा भेटले की विचारत, "साहेब, तुमचा भूकंप कवा येणार?" मी हसत असे. पण तोवर इमारत उभी राहिली ती धक्का आला नाही म्हणून, यात त्या जुन्या खांबांचं काहीच कर्तृत्व नव्हतं.