डाव्या हाताचा घास

मुलांच्या हातांना काम शिकवण्यात माझा जन्म गेला, असं सांगितलं की लोक लगेच म्हणतात, "वा, किती पुण्याचं काम! समाधान मिळत असेल नाही?" मी मान डोलावते आणि चहाचा कप उचलते. खरं सांगायला बसले तर समोरच्याचा चहा गार होईल आणि माझं डोकं तापेल. तरी एकदा लिहून टाकावं म्हणते.

आमच्या विद्येचं नाव ऑक्युपेशनल थेरपी. मी नागपुरात शिकले आणि लग्नानंतर नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी बनारसला येऊन पडले. क्वार्टरच्या शेजारच्या बाईंना माझं काम समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अच्छा, मालिश!" एका धर्मादाय दवाखान्यानं मला मागची खोली दिली. आधी तिथं रिकाम्या बाटल्या ठेवायचे. मी छताच्या कडीला मोटारचं टायर टांगलं, जमिनीवर गादी घातली आणि गंगेपलीकडची रेती चाळून घमेल्यात भरून ठेवली. एवढ्यावर माझा संसार सुरू झाला. मुलं यायची ती आधी ओझाकडे, म्हणजे मांत्रिकाकडे जाऊन, ताईत बांधून, कुणाकुणाचे शाप ऐकून. ऑटिझम हा शब्द तेव्हा डॉक्टरांच्याही तोंडात नव्हता. "पागल है" म्हटलं की सगळ्यांचं काम भागत असे.

अशात एक दिवस दूधविनायकाहून, म्हणजे तिथल्या जुन्या मराठी वस्तीतून, एक बाई आल्या. नऊवारीतल्या, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठ्या. माझं आडनाव कुणाकडून तरी ऐकून, आपल्यातली आहे म्हणून विश्वासानं आल्या होत्या. सोबत सात वर्षांची मुलगी, चवड्यांवर चालणारी, कानांवर हात दाबलेली. ती बोलत नव्हती. हाताला काहीही ओलं किंवा चिकट लागलं की चटका बसल्यासारखी किंचाळायची. त्यामुळे सात वर्षं प्रत्येक घास आईनं भरवलेला.

"तिनं बोललंच पाहिजे असं नाही, ताई," वहिनी म्हणाल्या. मी त्यांना पहिल्याच दिवसापासून वहिनी म्हणू लागले. "लग्नाबिग्नाची उम्मीद तर मी कधीच सोडली. फक्त आपल्या हातानं दोन घास खायला शिकवा. मी आहे तोवर भरवीन. माझ्यामागे हिला कोण भरवील?"

असा प्रश्न मला पुढे शेकडो आयांनी विचारला. पण वहिनींइतका सरळ कुणी नाही.

आम्ही कामाला लागलो. ही मुलं हट्टी नसतात, आधी हे डोक्यात पक्कं बसवावं लागतं. तुम्हा-आम्हाला जो स्पर्श जाणवतसुद्धा नाही, तो त्यांच्या अंगावर धावून येतो. म्हणून आधी तिला टायरवर झोके दिले, गोधडीत घट्ट गुंडाळून पाठीवर, खांद्यांवर दाब दिला. अंग शांत झालं की मग हात. पहिल्यांदा कोरडे चणे, मग लाई म्हणजे मुरमुरे, मग रेती. रेतीत थोडं पाणी शिंपडलं त्या दिवशी तिनं घमेलं पालथं केलं आणि माझ्या मनगटाला चावली. तो व्रण बरेच दिवस होता. रेतीनंतर कणकेचा गोळा, कणकेनंतर दही. दोन थंड्या गेल्या यात. वहिनी रोज गल्ल्या ओलांडून, रिक्षात तिचे कान आपल्या पदरानं झाकून यायच्या. एक दिवस चुकला नाही.

पोरीचा सगळा कारभार डाव्या हाताचा होता. उजव्याचा अंगठा मुठीत दडलेला असायचा आणि तो हात आपला आहे हे तिच्या गावीही नसायचं. मूल जो हात पुढे करतं तो हात आपण धरायचा, ही आमची शिकवण. मी वहिनींना तसं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"आमच्या घरी नाही चालायचं हे. मामंजी वैदिक आहेत," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "खाऊ तर दे आधी."

आणि एका दुपारी तिनं खाल्लं. वरण-भाताचा घास डाव्या हातात घेतला, अर्धा फ्रॉकवर सांडला, उरलेला तोंडात घातला आणि परत ताटलीत हात घातला. वहिनी भिंतीकडे तोंड करून रडल्या. मी घरी जाताना पावभर जिलबी घेतली आणि नवऱ्याला कारण न सांगता खाऊ घातली.

त्यानंतर ती घरीही खाऊ लागली, पण मागच्या कोठीघरात, दार लोटून. वहिनींखेरीज कुणी पाहत नव्हतं. मला ते पुरेसं वाटत होतं. आईला कुठलं पुरेसं वाटणार?

नवरात्र आलं. तिथल्या मराठी घरांतून अष्टमीला कुमारिका जेवायला बसवतात. मुलींचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, देवी म्हणून नमस्कार करून पान वाढायचं. गल्लीतल्या झाडून साऱ्या मुली घरोघर जेवून यायच्या. हिला कधी कुणी बोलावलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या घरीसुद्धा दुसऱ्यांच्या मुलींची पूजा व्हायची आणि ही आत कोंडलेली असायची. आता ती नऊ वर्षांची झाली होती. अजून एखाद-दोन वर्षं, की कुमारिका म्हणून बसायचं वयही सरणार. वहिनींनी सासऱ्यांपुढे शब्द टाकला, "यंदा आपलीला बसवू या." म्हातारे हरखून गेले. मलाही जेवायला आवर्जून बोलावणं आलं.

मी गेले. पाटांची ओळ, समोर पत्रावळी, उदबत्तीचा वास. हिला परकरपोलकं घातलेलं. पाय धुताना मी शिकवलं होतं तसं वहिनींनी पाऊल हलकं न धरता गच्च दाबून धरलं. पोर एवढीशी कण्हली, पण ओरडली नाही. कुंकूही लावून घेतलं. वाढप झालं. सगळ्या मुली हात धुऊन बसल्या आणि सगळ्यांआधी हिनंच वरण-भातात हात घातला. डावा.

ती जेवत होती. इतक्या माणसांत, इतक्या आवाजात, कान न झाकता स्वतःच्या हातानं जेवत होती. मी आजूबाजूला पाहिलं. हे कुणाला दिसतंय का? एकालाही दिसत नव्हतं. सगळे फक्त हात बघत होते.

"अगंबाई, देवी डाव्या हातानं जेवतेय," तिची आत्या म्हणाली.

"आणि तेही अष्टमीला," दुसऱ्या कुणीतरी भर घातली.

आत्यानं वाकून तिचा डावा हात धरला आणि उजव्यात घास कोंबला. मग जे व्हायचं ते झालं. पोरीनं किंकाळी फोडली, पत्रावळ भिरकावली, शेजारच्या मुली रडत उठल्या. वहिनी मान खाली घालून भात गोळा करत राहिल्या. मी न जेवताच घरी आले. मला निरोप द्यायला दारापर्यंत कुणी आलं नाही, आणि आलं असतं तर मी काय बोलले असते देव जाणे.

पुढचं तिच्या आजोबांनी हातात घेतलं. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, हीच तर रड आहे. घरी मुलांना वेद शिकवायचे. वेद म्हणताना स्वर हातानं दाखवतात, वर, खाली, बाजूला, आणि तो हात उजवाच. एखादा विद्यार्थी डावखुरा निघाला की आजोबा त्याचा डावा हात उपरण्यानं कमरेशी बांधून ठेवायचे. काही महिन्यांत उजवा सुधारायचा. असे कित्येक वैदिक त्यांनी घडवले होते. तीच रीत त्यांनी नातीला लावली. जुन्या धोतराचं मऊ फडकं घेऊन तिचा डावा हात बांधला आणि पाठ संपला की स्वतः समोर बसून तिच्या उजव्या तळहातावर घास ठेवू लागले.

कळलं तशी मी तडक त्यांच्या घरी गेले. आत मुलांचा घोष चालला होता. आजोबांनी मला मानानं बसवलं, पाणी मागवलं.

"तुमच्या विद्येला मी नाव ठेवत नाही," ते म्हणाले. "पण मुली, उजवा हात अभ्यासानं येतो. माझ्याकडून एकही विद्यार्थी डावा गेलेला नाही."

"ती तुमची विद्यार्थिनी नाही, आजोबा. तिच्या मेंदूला तो हात सापडतच नाही."

"सापडेल. थोडी तकलीफ होते सुरुवातीला."

"अहो, ती जेवत होती!" मी ओरडले. आतला घोष थांबला. "दोन वर्षं घालवली आम्ही त्यात. जेवत होती ती!"

आजोबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी आज आहे, उद्या नाही," ते म्हणाले. "माझ्यामागे हिला कुणी पंगतीत बसू देणार आहे का? डाव्या हातानं जेवणारीला? तेवढ्यासाठीच हे चाललंय."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या घरात राहायचं त्यांना होतं, मला नव्हतं. मी पाणी तसंच ठेवून उठले.

मुलगी आधी किंचाळली. मग स्वतःचाच खांदा चावू लागली. मग शांत झाली, आणि घरच्यांना वाटलं, आली ताळ्यावर. होळीच्या सुमारास फडकं सोडलं, तेव्हा उजवा हात होता तसाच होता आणि डावाही मांडीवर पडून राहिला. ताटलीकडे तो पुन्हा कधी गेला नाही. वहिनी तिला घेऊन माझ्याकडे आल्या, तर ती कोरड्या चण्यांनाही हात लावेना. टायरवर बसेना, गोधडी बघितली की कोपऱ्यात जाऊन बसे. आम्ही अगदी पहिल्यापासून सुरुवात केली आणि कित्येक महिने पालथ्या घड्यावर पाणी ओतत राहिलो.

"मीच हात दाखवून अवलक्षण केलं, ताई," वहिनी एकदा म्हणाल्या. "कोठीघरात लपून खात होती, त्यात काय वाईट होतं? मला हौस. माझ्या मुलीलाही कुणी पाटावर बसवावं अशी हौस."

धीर देणारी वाक्यं मला पाठ होती, पण त्या बाईपुढे ती बोलायची लाज वाटली. हळूहळू त्यांचं येणं कमी झालं. मग आमची बदली झाली आणि खोलीत परत बाटल्या आल्या असं ऐकलं.

पुष्कळ वर्षांनी सासूबाईंच्या अस्थी घेऊन आम्ही काशीला गेलो. विधी आटोपल्यावर नवऱ्याला दशाश्वमेधावर गुरुजींशी बोलत सोडून मी दूधविनायकाला गेले. गल्ली तीच होती. शेजारच्या घराचं गेस्ट हाउस झालं होतं. दार वाजवलं, बराच वेळ कुणी उघडेना. वेदांचा आवाज नव्हता. आजोबा जाऊनही जमाना झाला होता, हे मला मागाहून कळलं.

दार वहिनींनीच उघडलं. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, आणि मला त्यांना. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, उजवा हात अंगाशी नुसता लोंबत होता.

"गेल्या थंडीत लकवा मारला, ताई," त्या म्हणाल्या. "या, या. जेवायचीच वेळ आहे."

आत ती बसली होती. केसांत पांढरं दिसू लागलेली बाई, दोन्ही हात मांडीवर. वहिनी कशाबशा समोर टेकल्या. डाव्या हातानं त्यांनी वरण-भात कालवला, वेडावाकडा घास केला, त्यातला निम्मा वाटेत सांडला. ती तोंड उघडून खात होती. म्हातारी झालेली आत्या बाजूच्या पलंगावर जपमाळ ओढत होती. तिनं बघितलं, आणि माळ पुढे सरकवली.

मी त्या डाव्या हाताकडे बघतेय हे वहिनींच्या लक्षात आलं.

"आता कुणी काही म्हणत नाही," त्या म्हणाल्या.

पुढचाही घास सांडला. मला बघवेना. "द्या इकडे, मी भरवते," म्हणून मी हात धुऊन पुढे सरले आणि चांगला नीट घास केला. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मी नुसता तिच्या हनुवटीला हात लावला, तर तिनं मान फिरवली.

"नाही घ्यायची ती," वहिनी म्हणाल्या. "माझ्याशिवाय कुणाच्याच हातून घेत नाही."

मी घास ताटलीत परत ठेवला. वहिनींनी तोच उचलून तिच्यापुढे धरला आणि तिनं तोंड उघडलं. तो जुना प्रश्न वहिनींनी त्या दिवशी मला विचारला नाही.